ट्रँझिस्टरला अँटेना कोणता लावावा?

रेडिओ खरखरतो, तेव्हा बाजारातून कोणता अँटेना आणावा, असं पुष्कळजण विचारतात. पैसे खर्च करण्याआधी एक बघा. तुम्ही रेडिओवर नेमकं काय ऐकता? कारण लहर बदलली की अँटेनाही बदलतो.

मध्यम लहरी, म्हणजे मिडियम वेव्ह, ऐकत असाल तर वरची ती खेचून लांब होणारी दांडी काही कामाची नाही. मिडियम वेव्हचा अँटेना संचाच्या पोटातच असतो. फेराइटची काळी कांडी आणि तिच्यावर गुंडाळलेली बारीक तार. ही कांडी बहुधा संचाच्या लांबीत आडवी बसवलेली असते. तिचं टोक केंद्राकडे झालं की आवाज बसतो, कूस केंद्राकडे झाली की उठतो. म्हणून संच जागच्या जागी हळूहळू फिरवून पाहा. पुष्कळांचं काम एवढ्यावरच भागतं, आणि याला पैसा लागत नाही.

लघुलहरींची, म्हणजे शॉर्टवेव्हची, गोष्ट निराळी. या लहरी जमिनीपासून शंभर ते तीन-चारशे किलोमीटर उंचीवरच्या थरांवरून परत फिरून आपल्याकडे येतात. म्हणूनच 1952 साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेली बिनाका गीतमाला समुद्रापलीकडून आपल्या खेड्यापाड्यांत ऐकू येत होती. आता लघुलहरींवरची गर्दी ओसरली आहे. बी.बी.सी.ची हिंदी सेवासुद्धा 31 जानेवारी 2020 रोजी या लहरींवरून बंद झाली. तेव्हा जुनं केंद्र लागत नसेल तर दोष अँटेनाचाच असेल असं नाही. ते केंद्र चालू आहे का, आधी याची खात्री करा. दूर देशांची केंद्रं मात्र अजून लागतात. रात्री 49, 41 आणि 31 मीटरच्या पट्ट्यांत शोधा, दिवसा 25, 19 आणि 16 मीटरच्या. दिवसा 49 मीटरवर दूरचं केंद्र मिळालं नाही म्हणून अँटेनाला बोल लावू नका.

आता अँटेना. घरातल्या फिटिंगला वापरतात तशी प्लास्टिकचं वेष्टण असलेली साधी तांब्याची वायर घ्या, 25 फूट, म्हणजे सोळा-सतरा हात. एका टोकाचं वेष्टण इंचभर सोलून त्याला दातेरी चिमटा लावा आणि तो चिमटा संचाच्या दांडीला पकडवा. संचाला बाहेरच्या अँटेनासाठी वेगळं भोक असेल तर त्यात योग्य पिन लावून जोडा. वायर खिडकीतून बाहेर काढा आणि दुसरं टोक नायलॉनच्या दोरीने अंगणातल्या खांबाला ताणून बांधा. झाला अँटेना!

पंचवीसच फूट का, शंभर फूट का नको? हातात धरायचा संच नाजूक कानाचा असतो. फार लांब तार लावली की जोरकस केंद्रं एकमेकांवर चढतात आणि एका जागी दोन-तीन आवाज येऊ लागतात. तसं झालं तर तार आखूड करा, किंवा संचावर ‘लोकल-डीएक्स’ बटण असेल तर ते लोकलवर करा.

लांबीपेक्षा जागेला महत्त्व जास्त. पत्र्याच्या घरात किंवा स्लॅबखाली लहर नीट पोचत नाही, आणि घरातली खरखर मात्र सगळी पोचते. ही खरखर कोण करतं, ते शोधायला सोपी युक्ती आहे. रेडिओ सेलवर चालू ठेवा आणि घराचं मेन स्विच बंद करा. खरखर थांबली तर चोर घरातच आहे. मग मेन चालू करून एकेक वस्तू लावत जा. एलईडीचा स्वस्त दिवा, मोबाईलचा चार्जर, इन्व्हर्टर यांपैकी कुणीतरी सापडेल. सेकंदा-सेकंदाला ‘टक् टक्’ असा आवाज येत असेल तर कुंपणाचं झटका मशीन तपासा. सोलर पंपाचा कंट्रोलरही दिवसा खोड्या करतो. तारेचं मोकळं टोक या सगळ्यांपासून दूर न्या.

बाजारात बूस्टरवाले अँटेना मिळतात. बूस्टर केंद्राचा आवाज वाढवतो, तशी खरखरही वाढवतो, तेव्हा ज्याच्या घरात खरखर आहे त्याने तो घेऊ नये. घरं दाटीची असतील, तार ताणायला जागाच नसेल, तर गोल कड्याचा लूप अँटेना बरा. तो फिरवून खरखरीची बाजू टाळता येते. छपरावरचा टीव्हीचा जुना अँटेना उतरवून लावायच्या भानगडीत पडू नका. त्याच्या काड्या टीव्हीच्या लहरींच्या मापाच्या असतात.

एक गोष्ट मात्र घरातल्या पोरासोरांनाही बजावून सांगा. अँटेनाची तार विजेच्या खांबाला बांधायची नाही, आणि विजेच्या तारांच्या वरून, खालून किंवा जवळून न्यायची नाही. वाऱ्याने तार तुटून विजेच्या तारेवर पडली तर संच हातात धरणारा माणूस जागीच जाईल. ताणताना सुटली तरी विजेच्या तारेपर्यंत पोचणार नाही, एवढं अंतर ठेवा.

तसंच वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात ढग दिसू लागले की, गडगडाट ऐकू येण्याची वाट न पाहता, चिमटा सोडवून तार खिडकीबाहेर टाका. गडगडाट सुरू झाल्यावर त्या तारेला हातच लावू नका, सोडवायलासुद्धा नाही. हवामानाची बातमी तेव्हाच हवी असते, हे खरं. ती घरात बसून, सेलवर, संचाच्या स्वतःच्या अँटेनावर मिडियम वेव्ह किंवा एफ.एम.वर ऐका.

आणखी काही विचारायचं असेल तर पत्र टाका. पत्रात कोणती लहर ऐकता, घर पत्र्याचं की स्लॅबचं, आणि मेन बंद केल्यावर खरखर थांबते का, एवढं लिहा, म्हणजे नेमकं उत्तर देता येईल.