चित्र मोजता आले पाहिजे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



वर्गात चित्रे असावीत याचे समर्थन आपल्याकडे सहसा एकाच कारणाने केले जाते. मुलांना चित्रे आवडतात, धडा गोड लागतो. हे खरे आहे. तथापि एवढ्याच कारणासाठी लावलेले चित्र लवकरच भिंतीची शोभा होऊन बसते. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ साली मुलांसाठी सचित्र पाठ्यपुस्तक काढले आणि वस्तू दाखवून शब्द शिकवण्याचा एक मार्ग घालून दिला. गाय, नांगर, विहीर यांचे चित्र काढणे सोपे आहे. पण मजुरी, बेकारी, बालमृत्यू, जमिनीची वाटणी यांचे चित्र कसे काढावयाचे? हे व्यवहार डोळ्यांना थेट दिसत नाहीत. ते आकड्यांत असतात, आणि आकड्यांचे कोष्टक समोर आले की चांगली शिकलेली माणसेही पान उलटतात. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हिएन्ना शहराने या प्रश्नाला जे उत्तर दिले, ते समाजवादी कार्यकर्त्याने समजून घेण्यासारखे आहे.

त्या काळी व्हिएन्नाचा नगरकारभार सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या हाती होता. १९२३ ते १९३४ या वर्षांत त्याने ६०,००० हून अधिक घरे बांधली. ऑटो ग्लोकेल यांनी शाळांतील घोकंपट्टीला आळा घालून मुलांच्या कृतीवर आधारलेले शिक्षण आणले. नगराचा पैसा कोठून येतो व कोणावर खर्च होतो, हे सामान्य नागरिकाला कळल्याखेरीज असा कारभार टिकत नाही. या जाणिवेतून ऑटो नॉयराट या अर्थशास्त्रज्ञाने तेथे समाज व अर्थव्यवस्था यांचे संग्रहालय उभारले आणि १९२५ पासून चालवले. तेथील तक्ते शाळांतही वापरले गेले.

नॉयराट यांचा नियम साधा होता. संख्या वाढली की चित्र मोठे करावयाचे नाही, त्याच आकाराची चित्रे अधिक मांडावयाची. यामागे हिशेब आहे. दुप्पट माणसे दाखवण्यासाठी माणसाची आकृती दुप्पट उंच केली, तर तिची रुंदीही दुप्पट होते आणि कागदावर ती चौपट जागा व्यापते. डोळा फसतो. समान आकृत्यांची रांग मात्र मोजता येते, आणि जे मोजता येते ते तपासताही येते.

हे काम एकट्या चित्रकाराचे नव्हते. तज्ज्ञ आकडे गोळा करीत. त्यातून काय दाखवावे, काय गाळावे आणि कोणाशेजारी काय मांडावे, हे मारी राइडेमायस्टर ठरवीत. मग गेर्ड आर्न्ट्झ हा चित्रकार लिनोलियमवर आकृती कोरी, म्हणजे एकच ठसा हवा तितक्या वेळा उमटवता येई. कला येथे शोभेला नव्हती. कमीत कमी रेषांत माणूस ओळखू यावा, हे तिचे काम होते.

१९३० साली या संग्रहालयाने काढलेल्या चित्रसंग्रहातील एक तक्ता पाहा. विषय आहे इंग्लंडमधील विणकाम, १८२० ते १८८०. एक आकृती म्हणजे १०,००० माणसे. घरी माग चालवणाऱ्यांची रांग दशकागणिक आखडत जाते, कारखान्यातील कामगारांची रांग लांबते, आणि कापडाच्या खुणा या दोहोंपेक्षा कितीतरी वेगाने वाढतात. औद्योगिक क्रांतीचा पाठ केलेला परिच्छेद जे सांगत नाही, ते येथे दहा वर्षांचे मूल बोटाने मोजून सांगू शकते. पण तक्त्याचे खरे मोल पुढच्या प्रश्नात आहे. ते घरचे विणकर गेले कोठे? आणि एवढे कापड विकले कोठे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना वर्ग हिंदुस्थानात येऊन पोहोचतो, कारण त्या कापडाने येथील विणकरांचाही धंदा बुडवला. इचलकरंजीतील किंवा मालेगावातील मुलाला तर त्यासाठी पुस्तकही उघडावे लागू नये. यंत्रमागाचा खडखडाट त्याच्या घराशेजारीच चालू असतो. मात्र उत्तर तक्ता देत नाही. त्यासाठी शिक्षकच लागतो.

या पद्धतीचा दुरुपयोगही झाला, हे समाजवाद्यांनी लपवू नये. १९३१ साली मॉस्कोत याच धर्तीची संस्था निघाली आणि नॉयराट यांच्या सहकाऱ्यांनी तिला १९३४ पर्यंत साहाय्य केले. पंचवार्षिक योजनेच्या यशाचे सुबक तक्ते तेथे छापले जात होते. त्याच सुमारास, १९३२-३३ साली, युक्रेनमध्ये लाखो माणसे दुष्काळात मरत होती आणि सोव्हिएत सत्ता ती वार्ता दाबून टाकीत होती. आकडे सत्तेचे आणि चित्रही सत्तेचे असले, की मोजता येणारे चित्रदेखील खोटे बोलते. व्हिएन्नातील प्रयोगही टिकला नाही. फेब्रुवारी १९३४ मध्ये डॉलफुस राजवटीने सोशल डेमोक्रॅटिक पक्ष चिरडला. नॉयराट प्रथम हेगला व १९४० मध्ये इंग्लंडला गेले. तेथे काम पुन्हा उभे केले आणि १९४५ साली ते वारले. ही पद्धत आज आयसोटाइप या नावाने ओळखली जाते.

मग आज आपण काय करावे? शाळाशाळांतून पडदे आणि संगणक येत आहेत. त्यांना विरोध करण्याचे कारण नाही. परंतु पडद्यावरून सरकत जाणारे चित्र मूल पाहते. ते मोजत नाही आणि बनवीतही नाही. आपल्या मुलांच्या हाती आकडे गोळा करण्याचे काम दिले पाहिजे. पाणीटंचाईच्या गावातील एक वर्ग घ्या. आठवडाभर प्रत्येक मुलाने घरी पाण्याच्या किती खेपा झाल्या आणि त्या कोणी केल्या, याची नोंद ठेवावी. मग जुन्या वर्तमानपत्रातून सारख्या मापाचे हंडे कापावेत, दहा खेपांना एक हंडा, आणि आई, बाप, मुलगी, मुलगा अशा चार रांगांत चिकटवावेत. खर्च वाटीभर खळीचा. स्त्रीच्या श्रमावर भाषण करण्याची गरज उरणार नाही. रांगा भिंतीवर असतील, आणि एखाद्या बापाला त्या चूक वाटल्या तर त्याने पुढच्या आठवड्यात खेपा मोजाव्यात.

लोकशाहीला आकडे वाचणारा, आणि न पटल्यास ते पुन्हा मोजणारा नागरिक हवा. तो निवडणुकीच्या वेळी आयता मिळत नाही, वर्गात घडवावा लागतो. आपल्या शाखांनी निदान एकेका शाळेत शिक्षकांच्या मदतीने एवढा एक तक्ता भिंतीवर लावून घ्यावा.