कोठाराचे नाट्यगृह

इंग्लंडमधल्या जुन्या जहागिरींत गेलो, की मी वाड्याआधी तबेले आणि कोठारे पाहतो. चॅट्सवर्थचा तबेला जेम्स पेन यांनी १८व्या शतकात ८० घोड्यांसाठी उभारला, तोही महालाच्या थाटात! आता तिथे उपाहारगृह आणि दुकाने आहेत. इमारतीला ते शोभतेही.

धान्याच्या कोठाराचे तसे नाही. भरलेली गाडी सरळ आत यावी, पेंढ्या वरपर्यंत रचता याव्यात, मधल्या जागेत मळणी व्हावी म्हणून ते उंच आणि मोकळे बांधत. ती पोकळी हीच त्याची वास्तुकला. मजले टाकून, खोल्या पाडून त्याचे घर केले, की नुसत्या भिंती उरतात. अशी घरे तिकडे पुष्कळ झाली आहेत; मला ती पाहवत नाहीत.

डेव्हनमधल्या डार्टिंग्टनला मात्र वेगळे घडले. लेनर्ड एल्महर्स्ट यांनी १९२२ साली रवींद्रनाथांच्या श्रीनिकेतनात ग्रामसुधारणेचे काम सुरू केले होते. १९२५ मध्ये त्यांनी आणि पत्नी डोरोथी यांनी ही पडझड झालेली जहागीर घेतली. शेती, शाळा, विणकाम, नाटक सारे तिथे एकत्र नांदावे, ही इच्छा. तिथल्या मध्ययुगीन कोठाराचे नाट्यगृह करण्याचा आराखडा वॉल्टर ग्रोपिअस यांनी केला. बाउहाउसचे संस्थापक, काच-पोलादाचे पुरस्कर्ते. पण बाहेरून कोठार कोठारच राहिले. नाटकालाही उंची लागते, मध्ये खांब चालत नाहीत आणि खिडक्या तर नकोच असतात.