सही करण्याआधी

अभिनंदनाचे दोन शब्द पाहुण्यांनी उभ्या उभ्या उरकले. मग चष्मा चढवून समोरच्या डिप्लोमाधारक मुलामुलींना विचारले, "अप्रेंटिसशिपच्या करारावर कुणाकुणाची सही झाली आहे?" पंधरा-वीस हात वर गेले. "वाचून?" बहुतेक हात खाली आले.

तंत्रनिकेतनाच्या सभागृहातले पुढचे पाऊण तास मग त्या करारानेच खाल्ले.

पाहुणे मूळचे टर्नर. आयटीआय करून १९८४ साली पुण्याजवळच्या एका कारखान्यात ते अप्रेंटिस म्हणून लागले. पहिले चार महिने लेथला हात लावायला मिळाला नाही. स्टोअरमध्ये बोल्ट निवडायचे, मशीनखालचा चुरा उपसायचा, चहाची किटली आणायची. ट्रेड टेस्टच्या तोंडावर सुपरवायझरने कोऱ्या डायऱ्या पुढ्यात टाकल्या आणि सगळ्या पोरांनी कँटीनच्या टेबलावर बसून वर्षभराचे काम एका रात्रीत लिहून काढले. एकाच निळ्या शाईत. बोअरिंग, टेपर टर्निंग, थ्रेड कटिंग. सकाळी सुपरवायझरने मागच्या तारखा घालून सह्या ठोकल्या. 'थ्रेड कटिंग' त्या रात्री अकरा वेळा लिहिले आणि वर्षात आटे पाडले एकदाच, हे सांगताना त्यांचा आवाज चढला. चाळीस वर्षांनंतरही तो राग निवलेला नाही.

शिकवले ते एका म्हाताऱ्या कारागिराने, तेही जेवणाच्या सुट्टीत. सुटणाऱ्या चिपचा रंग बघ, ती निळी पडायला लागली की स्पीड कमी कर, नाहीतर टूल जळेल, एवढेच ते सांगायचे आणि डबा उघडायचे. पाहुणे या आठवणीत बराच वेळ रमले. सूत्रसंचालिकेने चिठ्ठी पुढे केली, ती त्यांनी न वाचता पाण्याच्या पेल्याखाली सरकवली.

पुढे त्यांनी रात्रीच्या वर्गात डिप्लोमा केला आणि नोकरीची शेवटची वर्षे इंग्लंडमध्ये काढली. २०१५ पासून तिथे पदवी अप्रेंटिसशिप सुरू आहे. अप्रेंटिसशिपचा खर्च भागावा म्हणून २०१७ च्या एप्रिलपासून ज्यांचे वार्षिक पगारबिल तीस लाख पौंडांच्या वर आहे, त्या मालकांकडून वरच्या रकमेवर अर्धा टक्का लेव्ही घेतली जाते. विद्यापीठाची फी उमेदवाराला भरावी लागत नाही.

तांत्रिक महाविद्यालयातून आलेली अठरा वर्षांची एक मुलगी त्यांच्या हाताखाली होती. चार दिवस कंपनीत मशीनच्या डेटावर काम, पाचव्या दिवशी विद्यापीठात डिजिटल तंत्रज्ञानाची पदवी, आणि पगार पाचही दिवसांचा. एकदा माल वेळेवर जायचा होता म्हणून मॅनेजर तिला म्हणाला, या आठवड्यात कॉलेज राहू दे. तिने करार टेबलावर ठेवला आणि शिकण्याच्या वेळेच्या ओळीवर बोट ठेवले. मॅनेजर गप्प झाला. "मी बाजूलाच उभा होतो," पाहुणे म्हणाले, "आणि मला माझी डायरी आठवली."

तिथे अप्रेंटिस हा कंपनीचा नोकर असतो. आपला १९६१ चा कायदा त्याला कामगार मानत नाही, प्रशिक्षणार्थी मानतो. हा फरक त्यांनी तीनदा सांगितला, आणि तो तीनदा सांगण्याजोगाच आहे. २०१९ च्या नियमांनी डिप्लोमाधारकाचे किमान विद्यावेतन महिना ८,००० रुपये ठरवले. २०२० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अप्रेंटिसशिप सामावून घेणाऱ्या पदवीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यामुळे मशीनवरच्या कामाचे श्रेयांक पदवीत धरले जाण्याची वाट इथेही उघडली आहे. पण आठवड्यातले किती तास शिकवणार, कोण शिकवणार, श्रेयांक कोणत्या विद्यापीठात जमा होणार, हे लिहून घेतल्याशिवाय सही करू नका, असे ते टेबलावर हात आपटून म्हणाले. माझ्यासारखे करू नका. वीस वर्षांच्या मुलाचे एक वर्ष किटली आणण्यात जाते आणि कुणाला त्याचा जाब विचारता येत नाही, हे त्यांना आजही सहन होत नाही.

सत्कार, राष्ट्रगीत, फोटो झाले. मघा हात वर केलेला एक मुलगा मोबाइलवर करार उघडून पायऱ्यांपाशी थांबला होता. पाहुण्यांनी गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला, त्याच्या शेजारी पायरीवर बसले आणि अक्षरे मोठी करून पहिल्या पानापासून वाचू लागले.