वाऱ्याच्या विजेत गावाचा वाटा





विदर्भात वारा मंद; मग पवनऊर्जेची ही परिषद नागपुरात कशाला? विजेपायी गावाला काय सोसावे लागते हे नागपूरकर जाणतात, म्हणून. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांची वीज राज्यभर जाते, राख मात्र आमच्याच शिवारावर बसते. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा तलाव फुटला, तेव्हा ती शेतांत घुसली.

पवनचक्कीला राख नाही, धूर नाही. ती हवीच आहे. पण साताऱ्याच्या पाटण तालुक्याने आधी कोयनेच्या विजेसाठी गावे सोडली, नंतर वनकुसवड्याचे पठार पवनचक्क्यांना दिले. धुळ्याच्या साक्रीत वनजमीन कसणाऱ्या आदिवासींना आपल्या हक्कासाठी झगडावे लागले. जमीन एकदा विकली की सातबाऱ्यावरचे नाव जाते. पाते त्यानंतर वीस-पंचवीस वर्षे फिरत राहते, आणि त्या कमाईत गाव कुठेच नसते.

कोळशाच्या कमाईत स्थानिकांचा वाटा असावा म्हणून २०१५ पासून कायदा आहे. खाणचालकाला रॉयल्टीच्या प्रमाणात जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे पैसे भरावेच लागतात. जलविद्युत प्रकल्पांसाठी २००८ च्या राष्ट्रीय धोरणाने एक टक्का वीज स्थानिक विकासाकरिता धरली. वाऱ्याला असे बंधन नाही. सीएसआरमधून शाळेला बाके मिळतात, त्याचे मोल आहेच. पण ती मागून मिळतात.

हक्काचा रस्ता नसला की आडवाटा फुटतात. बीडमधल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची डिसेंबर २०२४ मध्ये हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीतून ती झाल्याचा आरोप आहे. त्यांचे स्मरण केल्याशिवाय या परिषदेचे काम सुरू होऊ नये, असे मला वाटते.

वाटा मागणे महाराष्ट्राला नवे नाही. १९५० च्या सुमारास प्रवरेचा साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा ऊस घालणारा शेतकरीच त्याचा सभासद झाला. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळ समुद्रात वीस पवनचक्क्या आहेत, त्यांतल्या निम्म्या एका सहकारी संस्थेच्या. आपल्या पठारांवर हे का होऊ नये?

माझी विनंती एवढीच: विकल्या जाणाऱ्या प्रत्येक युनिटमागे ठरावीक रक्कम थेट ग्रामसभेच्या खात्यात जमा व्हावी, आणि प्रत्येक करार मराठीत, ग्रामसभेपुढे वाचून मगच व्हावा, असा ठराव या दोन दिवसांत करा आणि तो सरकारपर्यंत पोहोचवा.