रॉयल ऑपेरा हाऊस आणि आपलं स्टेज



गेल्या महिन्यात चिंचवडहून मुद्दाम मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस बघायला गेलो. उद्घाटन १९११चं. इथं बालगंधर्व गायले. पुढे सिनेमे लागले आणि १९९३मध्ये टाळं लागलं. आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली दुरुस्ती होऊन २०१६मध्ये पडदा पुन्हा उघडला. सोयी आजच्या, पण सोनेरी नक्षी जुन्या थाटातली.

तिथं बसलो आणि आपल्या शाळेचं लाकडी स्टेज आठवलं. गॅदरिंगच्या नाटकात मी संवाद विसरलो, तेव्हा बाईंनी विंगेतून हळूच सांगितला होता.

ते स्टेज आता पाडायचं चाललंय म्हणे. मित्रांनो, पाडायला नको. दुरुस्त करू या. पहिली वर्गणी माझी.