वाटा अलिबागच्या

मुंबईहून अलिबागला जायच्या वाटा तीन. गेटवेहून लाँचनं तासाभरात मांडवा, पुढची बस त्याच तिकिटात. मोटार न्यायची तर २०२०पासून भाऊच्या धक्क्याहून रो-रो बोट. आणि पेणवरून एसटी, सुमारे शंभर किलोमीटर.

पावसाळ्यात मात्र गेटवेच्या लाँच बंद. एका जुलैत गावी आई आजारी पडली. एसटीला पाच तास लागले. ‘लाँच असती तर केव्हाच पोचलो असतो,’ मी चिडून म्हणालो. आई म्हणाली, ‘उशिरा आलास, पण आलास ना!’

१७ जुलै १९४७ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यांची वाट पाहणारी घरं आईनं लहानपणी पाहिली होती. आषाढात वेळ वाचवायचा हट्ट मी तेव्हापासून सोडला.