माहितीचे दलाल
(पिंप्राळा येथे केलेले भाषण)



आपल्या जळगाव जिल्ह्यात केळीचा दलाल कोणास ठाऊक नाही? तो भावात नाडतो, वजनात मारतो. परंतु बागेतून माल निघाला, हे निदान शेतकऱ्यास दिसते. आज मला ज्या दलालाविषयी बोलावयाचे आहे, त्याचा माल म्हणजे आपले नाव, मोबाइल क्रमांक, पत्ता, उत्पन्न, मुलाची परीक्षा आणि घरातील आजारपण होय. हा माल घरातून केव्हा गेला व कितीला विकला गेला, हे मालकास कळतही नाही.

हा व्यापार चालतो कसा? बक्षिसाच्या कुपनावर आपण नाव व क्रमांक लिहून देतो. झेरॉक्सच्या दुकानात आधार कार्डाची प्रत राहून जाते. कर्ज देणारे ॲप फोनमधील सर्व नातलगांचे क्रमांक मागते आणि आपण न वाचता होकार देतो. हे तुकडे सुटे असताना निरुपद्रवी वाटतात. दलाल ते मोबाइल क्रमांकाच्या धाग्यात ओवतो, नोकरी शोधणारे, कर्जाचे गरजू, परीक्षार्थी अशा याद्या पाडतो व मागेल त्यास विकतो.

२०१८ साली ठाणे पोलिसांनी लोकांच्या फोन-कॉलच्या नोंदी मिळवून विकणाऱ्या खाजगी गुप्तहेरांना अटक केली. मार्च २०२३ मध्ये हैदराबादलगतच्या सायबराबाद पोलिसांनी एक टोळी पकडली. तिच्याजवळ सुमारे १६ कोटी ८० लाख लोकांची माहिती असल्याचे पोलिसांनी सांगितले. तीत नीट परीक्षेच्या विद्यार्थ्यांचीही माहिती होती.

हे संकट सर्वांवरच आहे. परंतु आपणांस त्याची झळ अधिक का, याचा विचार करा. शिष्यवृत्तीच्या अर्जात आपण जात व धर्म लिहितो. तो आपला हक्क आहे. त्यात लपविण्यासारखे काही नाही. परंतु हक्कासाठी शासनाला सांगितलेली जात आपल्या नकळत घरमालकाच्या वा मालक-व्यवस्थापकाच्या हाती पडणे, ही गोष्ट सर्वस्वी निराळी आहे. पूर्वी जात विचारून दार लावले जाई. विचारणाऱ्यास तोंड होते, त्यास जाब विचारता येई. यादीस तोंड नसते. नोकरी का नाकारली, खोली का मिळाली नाही, हे कोणास विचारावयाचे?

कायदा आपल्या बाजूस आहे, परंतु पुरता नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला व संविधानाच्या २१ व्या कलमात त्याचा आधार दाखविला. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने दिलेली संमती परत घेण्याचा व माहिती पुसून टाकावयास लावण्याचा अधिकार दिला. दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत ठेविली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदी अमलात येण्यास अठरा महिन्यांची मुदत ठेविली गेली. मात्र २०१९ च्या विधेयकात जात व धर्मश्रद्धा यांस ‘संवेदनशील’ माहिती म्हणून जे खास संरक्षण होते, ते २०२३ च्या कायद्यात उरले नाही. दंडही सरकारी तिजोरीत जातो. ज्याची माहिती चोरीस गेली, त्यास त्यातून भरपाई नाही. या दोन्ही उणिवा दूर करण्याची मागणी आपणच केली पाहिजे.

तोवर काय करावे? आधारची प्रत देताना तिच्यावर हेतू व तारीख लिहावी. शक्य तेथे क्रमांकाचे पहिले आठ अंक झाकलेले आधार द्यावे. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत, हे संचार साथीवर पाहावे. पैशाची फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० वर कळवावे. आणि शिकलेल्या मुलामुलींनी वस्तीतील वडीलधाऱ्यांस प्रत्येक अर्ज, प्रत्येक परवानगी आधी वाचून दाखवावी. ज्याचा अर्थ समजला नाही, त्यास दिलेला होकार ही संमती नव्हे. ‘ही माहिती कशासाठी?’ एवढा प्रश्न निर्भयपणे विचारावयास शिका. न विचारता मान डोलावण्याची सवय आपण केव्हाच सोडली आहे; ती फोनच्या पडद्यापुढे पुन्हा लावून घेऊ नका.

जय भीम.